एकदा बंद करून उघडा

क्रोम ब्राउझरच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात तीन उभे ठिपके असतात. बरीच वर्षं त्या जागी रंग चढत असे. नवी आवृत्ती येऊन दोन दिवस व्हायच्या आत हिरवा, चारेक दिवस झाले की नारिंगी आणि आठवडा उलटला की लाल. एवढाच काय तो तगादा. घंटा नाही की खडसावणं नाही. खानदानी माणूस रागावला तरी आवाज चढवत नाही, नुसत्या कानाच्या पाळ्या लाल होतात, त्यातलाच हा प्रकार. गंमत अशी की तोवर सगळं काम उरकलेलं असतं. नवी आवृत्ती गुपचूप उतरवून, पारखून, जुनीच्या शेजारी मांडून ठेवलेली असते. आता कुणीतरी ब्राउझर एकदा बंद करून उघडायचा, बस्स. आपोआप चालणाऱ्या या साऱ्या व्यवहारात माणसाच्या वाट्याला एवढंच काम ठेवलंय आणि घोडं नेमकं तिथेच पेंड खातं.

पूर्वी असं काही नव्हतं. इंटरनेट एक्सप्लोररची सहावी आवृत्ती 2001 साली आली आणि सातवी यायला 2006 उजाडलं. सायबर कॅफेतल्या प्लायवूडच्या खणात बसून, तासाचे पैसे मोजून जग पाहणाऱ्या आमच्या पिढीला ब्राउझरचीही डागडुजी करायची असते हे ठाऊकच नव्हतं. तो निळा ‘ई’ म्हणजेच इंटरनेट, आणि इंटरनेट काय, आभाळासारखं, असतंच. सप्टेंबर 2008 मध्ये क्रोम अवतरला तो कुणाला न विचारता स्वतःला नवं करून घ्यायची खोड घेऊनच. पुढे 2009 मध्ये त्याच्या कर्त्यांनी ‘कूर्जेट’ नावाची एक युक्ती काढली. अख्खं गाठोडं पुन्हा पाठवण्याऐवजी जुन्यात आणि नव्यात जेवढा फरक, तेवढाच पाठवायचा. त्यांनी दिलेल्या उदाहरणात पूर्ण गाठोडं 1,03,85,920 बाइटचं होतं, आधीच्या पद्धतीने काढलेला फरक 7,04,512 बाइटचा आणि कूर्जेटने काढलेला अवघा 78,848 बाइटचा. नवं म्हणून जे मिरवतं ते मुळात इतकंसं असतं, हे वाचून मला जरा हायसं वाटलं. एका दिवाळीपासून दुसऱ्या दिवाळीपर्यंत आपल्यातही साधारण एवढाच फरक पडत असावा.

लहानपणी आमच्या दारावर कल्हईवाला यायचा. अंगणाच्या कडेला हातभर खड्डा खणून तो कोळसे पेटवी, भात्याने फुलवी आणि तापलेल्या पातेल्यात नवसागराची पूड टाकी. नाकाला झोंबणारा पांढरा धूर उठला की आम्ही मुलं पळायचो आणि धूर विरायच्या आत परत यायचो, कारण पुढची जादू चुकवून चालणार नसे. कथलाची कांडी टेकवून तो कापसाचा बोळा असा गरगर फिरवी की पितळेच्या पोटात चांदणं सांडल्यागत होई. कल्हई उडालेल्या भांड्यात आजी ताक ठेवू देत नसे. “कळकेल,” म्हणायची. कळकलेलं ताक वरून पाहिलं तर ताकासारखंच दिसतं, हीच तर त्यातली मेख. पण मला आज जास्त आठवते ती आजीची तारांबळ. गल्लीच्या टोकाला कल्हईवाल्याची आरोळी उठायची तेव्हा नेमक्या त्याच पातेल्यात आमटी असायची, दुसऱ्यात विरजण लावलेलं आणि तिसऱ्यात शेजारणीने ठेवायला दिलेलं काहीतरी. कल्हई करायची तर भांडं रिकामं करून द्यावं लागतं. “पुढच्या खेपेला या हो,” असं आजी म्हणायची आणि तो बापडा भाता खांद्यावर टाकून पुढच्या घराकडे वळायचा.

एका बाबतीत मात्र ब्राउझर पातेल्यापेक्षा वेगळा. कल्हई वापराने उडते. ब्राउझर वापरून झिजत नाही. त्यातली भेग बहुतेकदा लिहिणाऱ्याच्या हातून राहून गेलेली असते, आणि कुणाची नजर तिच्यावर पडेपर्यंत ती निमूट असते. क्रोमच्या गंभीर दोषांपैकी सुमारे 70 टक्के दोष मेमरी हाताळण्यातल्या चुकांचे, असं त्याच्या अभियंत्यांनी 2020 साली मांडलं. त्यांतले निम्मे तर असे, की जी जागा सोडून दिली ती अजून आपलीच आहे असं समजून प्रोग्रॅम तिथे पुन्हा हात घालतो. (हे फक्त प्रोग्रॅमच करतात असं नाही, पण ते असो.) भेगा दाखवून देणाऱ्याला बक्षीस देण्याची रीत नेटस्केपने 1995 मध्येच सुरू केली होती. शोधणारे भले लोक आहेत, बुजवणारेही आहेत. पण क्रोमचा पाया असलेला क्रोमियमचा कोड सगळ्यांसमोर लिहिला जातो, त्यामुळे भेग बुजवली की तिची नोंद चारचौघांत होते. चोरालाही वाचता येतं. डागडुजी घरोघर पोचेपर्यंतचे मधले दिवस त्याच्या सुगीचे. हे दिवस कमी व्हावेत म्हणून ऑगस्ट 2023 पासून क्रोमने सुरक्षेच्या दुरुस्त्या दर आठवड्याला पाठवायला घेतल्या. म्हणजे एका हाताने भोक बुजवायचं आणि दुसऱ्या हाताने ‘येथे भोक होते’ अशी पाटी लावायची. पाटी सगळ्या जगाला दिसते. भोक बुजलेलं असतं ते मात्र ज्यांनी बंद करून उघडला त्यांचंच.

चोरांनीही यातून धडा घेतला. एखादं पान उघडावं तर मध्येच ‘तुमचा ब्राउझर जुना झाला आहे, त्वरित येथे दाबा’ म्हणून लालभडक आरडाओरडा सुरू होतो. खरं अपडेट असं वेबपानातून ओरडत येत नाही. ते आपल्या कोपऱ्यात उभं असतं, कानाच्या पाळ्या लाल करून.

मग आपण बंद का करत नाही? कारण टॅब. उघड्या टॅबांची ती ओळ म्हणजे आपण होऊ घातलेल्या माणसाची यादी असते. एका टॅबमध्ये आंबोळीची कृती, दुसऱ्यात हरिश्चंद्रगडाची वाट, तिसऱ्यात मोडी लिपीचा वर्ग (प्रवेशाची मुदत गेली, तरी असू दे), आणि पार टोकाला, नुसतं चिन्ह दिसेल इतका आक्रसलेला, गुडघेदुखीवरचा लेख. रीलाँच केलं की हे सारं जिथल्या तिथे परत येतं, हे आपल्याला माहीत असतं. गुप्त खिडकीतले टॅब तेवढे परतत नाहीत, पण त्यांच्याबद्दल मोठ्याने हळहळायचीही सोय नसते. तरीही बोट अडतं. रात्री निजताना सकाळ होईल याची खात्री असूनही मुलं दिवा मालवू देत नाहीत, ते काय उगाच?

सांगलीच्या माझ्या आत्याचा संगणक विंडोज 7 वर चालायचा. तिथे क्रोमची 109 वी आवृत्ती शेवटची. 2023 च्या सुरुवातीला त्या घरचं येणंजाणं बंद झालं. आत्या मात्र खुशीत होती. “आता कसा शहाण्यासारखा वागतोय बघ, पूर्वी सारखं नवं करा, नवं करा,” असं तिने मला फोनवर कौतुकाने सांगितलं. “अगं आत्या, तो शहाणा नाही झाला, त्याच्याकडे आता कुणी येतच नाही,” असं मी म्हणालो. त्यावर ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “मग तर त्याला काढून टाकायला जिवावर येईल रे.”

शेवटी मुलानेच एडमंटनहून पैसे धाडून नवा लॅपटॉप घेववला. तिचे टॅब त्यावर आणायचं काम माझ्याकडे आलं. दोनच होते, एक पंचांग आणि दुसरा एडमंटनचं हवामान. हा दुसरा टॅब कायम उघडा असे. बर्फ पडतोय की नाही ते तिला त्यात दिसायचं. पंधरवड्यात नव्या यंत्राच्या कोपऱ्यातही रीलाँचचं बटण आलं. “आला का हाही मागे लागायला!” म्हणत तिने आधी विचारलं, “एडमंटन जाणार नाही ना?” मी नाही म्हटलं. मग चष्मा नाकावर घट्ट बसवून बटण तिनेच दाबलं. खिडकी मिटली, उघडली. पंचांग आलं. त्याच्या शेजारी एडमंटन, उणे अठरा.

“आलं की,” ती म्हणाली. “मग येत जा म्हणावं दर आठवड्याला. फक्त पहाटे नको. तेव्हा तिकडे संध्याकाळ असते, आणि हा गाडी घेऊन घरी निघालेला असतो.”