खरीप, रब्बी आणि फॉर्म बी

आमच्या सोसायटीत वर्षातून दोनदा आग विझते. एकदा जानेवारीत, एकदा जुलैत. आग लागावी लागत नाही, पाणी लागत नाही. एक सही लागते.

महाराष्ट्राचा आगप्रतिबंधाचा कायदा 2006चा. इमारतीतली आगीची यंत्रणा चालू स्थितीत आहे, असा दाखला मालकानं किंवा रहिवाशांनी वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत द्यायचा. तो लायसन्स असलेल्या एजन्सीनंच दिलेला हवा. त्याचं नाव फॉर्म बी. शेतकऱ्याला खरीप आणि रब्बी, तशी या धंद्याला ही दोन पिकं. फरक एवढाच की हे पीक पाण्याशिवाय येतं, अगदी टाकी कोरडी असली तरी.

तेव्हा मुलाला फायर सेफ्टी इंजिनिअर करायचं म्हणत असाल, तर उत्तम विचार आहे. मागणी आहे आणि ती हुकमी आहे. फक्त मुलगा प्रामाणिक नसावा.

आमच्या काकूंचा भाचा प्रामाणिक निघाला, म्हणून सांगतो. शिक्षण नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयात. हे महाविद्यालय 1956 साली रामपूरला सुरू झालं आणि वर्षभरात नागपूरला आलं. नागपूरच्या उन्हात चार वर्षं काढणाऱ्याला आगीचं वेगळं प्रात्यक्षिक कशाला, असं आम्ही म्हणायचो. तो मात्र मन लावून शिकला. ज्वाळेपेक्षा धूर जास्त माणसं मारतो. जिन्याचं अग्निरोधक दार दोन तास आग अडवू शकतं, पण लावलेलं असेल तरच. स्प्रिंकलरमधली लाल काचेची नळी 68 अंशांना फुटते आणि पाणी सुटतं, अर्थात पाइपात पाणी असेल तर. या शास्त्रात सगळं ज्ञान ‘असेल तर’वर उभं आहे.

एका जुलैत काकूंच्या शब्दाखातर तो आमच्याकडे तपासणीला आला आणि थेट जिना चढायला लागला. कमिटी गोंधळली. ‘‘वर कशाला? सही इथंच होईल की. चहा सांगितलाय.’’

तो चढला. मग लिहीत सुटला. होजच्या पेटीत होज आहे, पण सोबत झाडू आणि फिनेलही आहे. पितळी नोझल भंगारात गेलंय. रिफ्यूज एरियात, म्हणजे आगीत माणसांनी थांबायच्या जागेत, गणपतीच्या मंडपाचे बांबू थांबलेत. वीजबिल येतं म्हणून पंप बंद. सातव्या मजल्यावर वारा यावा म्हणून जिन्याच्या दाराला मनीप्लांटची कुंडी लावून ते उघडं ठेवलंय. ‘आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी’ ही जुनी तक्रार. आमच्याकडे बंब वेळेवर रामेश्वरी पोचेल, पण गेटातल्या गाड्यांमुळे आत शिरणार नाही.

‘‘हे दुरुस्त करा, मग सही करतो.’’

अध्यक्ष म्हणाले, ‘‘हुशार आहे, पण फार निगेटिव्ह बोलतो.’’

दुसऱ्या एजन्सीचा फॉर्म तासाभरात व्हॉट्सॲपवर आला. निम्म्या पैशांत. शेरा : सर्व यंत्रणा सुस्थितीत.

अध्यक्ष कंजूष आहेत असं मात्र नाही. त्याच महिन्यात त्यांच्याकडे वास्तुवाले आले होते. ओटा आग्नेयेला नाही म्हणाले. ओटा फोडला, गॅसची नळी फिरवली, दक्षिणाही दिली. घासाघीस नाही. अग्नीचा सल्ला विकत घेण्याची आपली तयारी असते, फक्त तो दिशेचा हवा. यात करिअरचा एक धडाही आहे. आग लागली नाही तर श्रेय वास्तूला जातं. लागली तर इंजिनिअर कुठंय, असं विचारलं जातं.

सरकारलाही नावं ठेवायला नकोत. कायदा 2006चा, मंत्रालयाला आग लागली ती 2012 साली, 21 जूनला. दिव्याखाली अंधार म्हणतात, इथं दिव्याखाली जाळ. 2021च्या जानेवारीत भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात आगीनं 10 नवजात बाळं गेली. राज्यभरातल्या रुग्णालयांच्या फायर ऑडिटचे आदेश निघाले. एप्रिलमध्ये विरारला आयसीयू पेटलं. नोव्हेंबरमध्ये नगरला, तिथं 11 रुग्ण गेले. एका वर्षात या तीन. फॉर्म बीच्या पिकापेक्षा एक जास्त.

आणि दर 14 एप्रिलला आपण अग्निशमन सेवा दिन पाळतो. 1944 साली त्या दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाचा स्फोट झाला आणि आग विझवायला गेलेले 66 जवान मेले. पेटलेल्या कापसाच्या सोबतीला जहाजात दारूगोळा होता. त्यांची आठवण ठेवून आपण आठवडाभर भाषणं करतो. मग बांबू पुन्हा रिफ्यूज एरियात रचतो.

भाचा आता आखातात एका तेलशुद्धीकरण कारखान्यात आहे. तिथं वेल्डिंगची ठिणगी पाडायची तर आधी परमिट लागतं. गॅस तपासायचा, आजूबाजूचं पेट घेणारं हलवायचं, मग याची सही. सही नाही तर काम नाही. माणूस तोच, डिग्री तीच, पेनही बहुधा तेच. तिथं त्याला सही अडवण्याचा पगार मिळतो. इथं अडवली म्हणून काम गेलं.

परवा तो सुट्टीवर आला होता. लिफ्ट सोडून सवयीनं जिन्यानं चढला. सातव्या मजल्यावर कुंडी बाजूला सारून दार लावलं आणि काकूंकडे जेवायला गेला. संध्याकाळी कुंडी पुन्हा जागेवर होती.

मनीप्लांट चांगला फोफावलाय. कुणीतरी नेमानं पाणी घालतं. अख्ख्या इमारतीत पाणी नेमानं पोचणारी ती एकच जागा. तेवढ्यापुरता फॉर्म बी खोटा नाही.