कुंपणावरची हजेरी

आमच्या आणि आक्कांच्या घरामध्ये भिंत नाही, तुराट्यांचं कुंपण आहे. तुरीची रास झाली की आक्का दरवर्षी नव्या तुराट्या लावून घेतात आणि दरवर्षी एका ठिकाणी फट ठेवतात. मांजरासाठी, असं त्या म्हणतात. त्या फटीतून मांजर गेलेलं मी अजून पाहिलेलं नाही. विरजण, कोथिंबीर आणि आमच्या मंद्रूप गावभरच्या बातम्या मात्र रोज जातात.

परवा सकाळी त्या फटीतून आधी शेंगा फोडल्याचा आवाज आला, मग आक्का.

"काय गं, कळलं का? नातवाला बघायला आले होते काल."

"मग? जमलं का?"

"जमायला काय झालंय! शेत हाय, नोकरी हाय, अंगानं बरा हाय. पोरीचा मामा एक निघाला चोंबडा. चहा पिला, चिवडा संपवला, आणि म्हणतो कसा, पोरगं बी.कॉम. कोणत्या सालचं? म्हटलं बावीसचं. तर म्हणतो, म्हणजे कोरोना बॅच का?"

राग आला की आक्का कानडीत शिरतात. आमचं गावच अर्धं कानडी, त्यामुळे पुढची दोन वाक्यं मला समजली. इथे लिहिण्याजोगी नाहीत.

"तरी सांग की बाई," त्या मराठीत परतल्या, "तवा नेमकं चाललं काय होतं? आज परीक्षा हाय म्हणायचे, उद्या न्हाई, परवा कोर्टात. तुझे सर त्यातलेच. तुला ठाव असंल."

आमचे हे सोलापूरच्या एका कॉलेजात अकाउंटन्सी शिकवतात, म्हणून विद्यापीठात जे जे होतं त्याचा जाब मला कुंपणावर द्यावा लागतो. विद्यापीठ तिकडे केगावला, पुणे रोडवर. आम्ही विजापूर रोडचे. म्हणजे मध्ये अख्खं सोलापूर. पण हे अंतर काहीच नाही. माझा स्वतःचा निकाल कोल्हापूरहून यायचा. सोलापूरला स्वतःचं विद्यापीठ झालं २००४ साली, तेही एकाच जिल्ह्यापुरतं. आमच्या वेळी फेरतपासणीचा अर्ज म्हणजे कोल्हापूरची एसटी.

"पोराची त्यात काय चूक, आक्का? तो पहिल्या वर्षाला होता. मार्चमध्ये सगळं बंद झालं. दुसऱ्या सहामाहीची परीक्षाच झाली नाही. निम्मे गुण आधीच्या सहामाहीचे, निम्मे कॉलेजातल्या चाचण्यांचे, अशी बेरीज केली आणि सगळ्यांना पुढं ढकललं."

"ढकललं म्हणजे पास केलं ना?"

"पास केलं."

"मग ढकललं काय म्हणतीस!"

मी गप्प बसले. शब्दांच्या बाबतीत आक्का विद्यापीठापेक्षा काटेकोर आहेत.

आक्कांच्या नातीची, म्हणजे याच पोराच्या थोरल्या बहिणीची, गोष्ट आणखी वेगळी. ती २०२० साली शेवटच्या वर्षाला होती आणि तिचं लग्नही ठरलेलं. २९ एप्रिलला विद्यापीठ अनुदान आयोगाने सांगितलं की शेवटच्या वर्षाची परीक्षा जुलैत घ्या. जूनमध्ये राज्य सरकार म्हणालं, साथ चालू आहे, परीक्षा नकोच, सरासरी काढा. ६ जुलैला आयोग पुन्हा म्हणाला, घ्यायचीच, सप्टेंबरअखेरपर्यंत.

"थांब," आक्का म्हणाल्या. "ह्या परीक्षेत अनुदानवाले कशाला आले? आमचं ठिबकचं अनुदान दोन वर्षं अडकलं होतं, तवा कुणी आलं न्हाई."

ते अनुदान वेगळं, हे सांगून पाहिलं. पटलं नाही.

"आणि मग ती केस दिल्लीला गेली, होय ना? बघ, आमच्या भावकीतली बांधाची केस तीस वर्षं सोलापूरच्या कोर्टात लोळतीय आणि माझ्या नातीची परीक्षा थेट सुप्रीम कोर्टात! तिच्या सासरी आम्ही सांगितलं होतं, पोरगी साधी न्हाई."

२८ ऑगस्टला निकाल लागला. शेवटच्या वर्षाला परीक्षेशिवाय पदवी देता येणार नाही; सप्टेंबर जमत नसेल तर राज्याने आयोगाकडे मुदत मागावी. तोवर नात सासरी गेली होती. लग्नाला पन्नास माणसांची परवानगी, त्यामुळे आक्कांच्या घरात अजून अबोला आहे. एकावन्नावा कोण होता यावरून. आणि ऑक्टोबरात राज्यभर घरी बसून परीक्षा सुरू झाल्या. समोर मोबाइल, चार पर्याय, एकावर बोट.

आता त्या ऑक्टोबराचं काय सांगावं! मुंबई विद्यापीठाच्या दूरशिक्षण संस्थेची ऑनलाइन परीक्षा मध्येच कोलमडली आणि सायबर हल्ला झाला असं विद्यापीठाने सांगितलं. आमच्याकडे हल्ला करायला हॅकर लागले नाहीत. १४ तारखेला आभाळ फाटलं. जिल्हाभर तसा पाऊस कुणी पाहिला नव्हता. पाठोपाठ भीमेला पूर आला. नातीचं सासर भीमाकाठचं. वीज गेली, रेंज गेली, ऊस आडवा झाला. तिच्या सासऱ्यांनी ट्रॅक्टरच्या बॅटरीवर मोबाइल चार्ज करून दिला, आणि पोरगी डोक्यावर इरलं घेऊन उंचवट्यावर जाऊन बसली. प्रश्न उघडला, गोल गोल फिरत राहिला, वेळ संपली. राहिलेला पेपर तिने नंतर दिला, पास झाली. पण आक्का अजून म्हणतात, "विद्यापीठानं सून झालेल्या पोरीला इरल्यात बसवलं."

ह्यांची तऱ्हा निराळी. बत्तीस वर्षं खडू-फळा. २०२०च्या मार्चअखेर कॉलेजच्या ग्रुपवर निरोप आला की तासिका ऑनलाइन घ्या. कशा, ते कुणी सांगितलं नाही. प्रशिक्षण झालं, तेही ऑनलाइन, आणि त्याला कसं जोडून घ्यायचं हेच ह्यांना येत नव्हतं. शेवटी आक्कांच्या नातवाने शिकवलं; तो ह्यांच्याच वर्गात. "सर, इथं दाबा बे... सॉरी सर, इथं दाबा."

मग आमच्या माजघरात वर्ग भरला. देवघराशेजारच्या भिंतीला फळा. मागे संसार दिसू नये म्हणून सोलापुरी चादर टांगलेली. मोबाइल ज्वारीच्या डब्याला टेकवलेला. झूमचा फुकटातला तास चाळीस मिनिटांनी आपोआप तुटायचा, आणि ह्यांचा ताळेबंद नेमका एकेचाळिसाव्या मिनिटाला जुळायचा. समोर काळ्या चौकटी, त्यात नुसती नावं. "भिंतीला शिकवतोय गं," असं हे रोज जेवताना म्हणायचे. पण संध्याकाळी अहवाल मात्र भरायचा: तासिका किती, उपस्थिती किती, स्क्रीनशॉट जोडा. तो कागद पुढे कुठेतरी जायचा आणि तिथे सगळं सुरळीत दिसायचं. मला वाटतं, त्या दोन वर्षांत सगळीकडच्या विद्यापीठांनी सगळ्यात चांगलं काय सांभाळलं असेल तर तो कागद.

अमेरिकेतल्या काही अभ्यासकांनी मार्च २०२० मध्येच लिहून ठेवलं होतं म्हणे, की याला ऑनलाइन शिक्षण म्हणू नका, ही आणीबाणीतली तात्पुरती सोय आहे. हे वाचून ह्यांना फार बरं वाटलं होतं. खरंच आहे. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून घरबसल्या शिकवतंय, पण त्यांची पुस्तकंच एकट्याने वाचायला म्हणून लिहिलेली असतात. आमच्याकडे वर्गातलाच फळा उचलून मोबाइलपुढे उभा केला होता. आणि शिकवण्याची नवी तऱ्हा आमच्याकडे कुणाला ठाऊक नव्हती असंही नाही. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले डिसले गुरुजी पुस्तकांत क्यूआर कोड घालून केव्हाचे शिकवत होते. २०२० सालीच, ३ डिसेंबरला, त्यांना जगातल्या उत्तम शिक्षकाचा दहा लाख डॉलरचा पुरस्कार मिळाला आणि त्यातले निम्मे त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ जणांना वाटून टाकले.

"वाटले?" आक्कांचा हात शेंगेवर थांबला. "निम्मे? कोर्टात न जाता?"

मी मान हलवली. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

"पण आक्का, तुमचा नातू दुसऱ्या वर्षाला शिकायचा कुठं? घरात तर एकच फोन होता ना?"

"एकच. सकाळी धाकटीची शाळा, दुपारी ह्याचं कॉलेज, रात्री ह्याच्या बापाला कांद्याचा भाव बघायचा. दिवसाचं दीड जीबी दुपारीच संपायचं." आणि मग त्या फटीजवळ सरकल्या. आवाज खाली आला, म्हणजे बातमी मोठी. "आता तुला सांगते. सरांना सांगू नको. पोरगं हितंच बसायचं."

"हितं म्हणजे?"

"हितं. ह्या फटीपाशी. पोतं टाकून. तुमच्या घरातलं ते वायफाय का काय, ते हितपतूर येतं. तुझ्या लेकीनंच दिला होता आकडा."

मला एकदम सगळं आठवलं. त्या वर्षी हे महिनाभर वर्गावर ओरडत होते. "कुणाचा तरी माइक चालू आहे! माझाच आवाज मला परत ऐकू येतोय!" साठ पोरं निमूट ऐकून घ्यायची. कॉलेजातल्या संगणकवाल्याला चार वेळा फोन झाले. नवीन इअरफोन आणला. आणि पोरगं खिडकीखाली बसून होतं. ह्यांचा आवाज त्याला आधी खिडकीतून यायचा आणि दोन-तीन सेकंदांनी हातातल्या मोबाइलमधून, सोलापूर, मुंबई, कुठलं कुठलं फिरून.

"दोनदा ऐकायचा म्हणून त्याला अकाउंट चांगलं जमलं," आक्का म्हणाल्या. "आणि तुझ्या सरांनी त्याची हजेरी कापली. नेटवर्क गेलं म्हणून."

म्हणजे खिडकीपासून सहा फुटांवर बसलेला पोरगा गैरहजर. मला हसूही येईना. त्या अहवालात तो स्क्रीनशॉटसकट गैरहजर असणार.

तिसऱ्या वर्षाची तर आणखी गंमत. कॉलेजं उघडली २० ऑक्टोबर २०२१ ला. पोराने नवी पँट शिवली. आठवडा होतो न होतो तोच एसटीचा संप सुरू झाला आणि पुढच्या एप्रिलपर्यंत चालला. वीस-पंचवीस किलोमीटर जायचं कसं? ज्याच्याकडे गाडी तो कॉलेजात, बाकीचे वडापच्या जीपला लोंबकळून. मध्ये जानेवारीत ओमायक्रॉन आला तेव्हा कॉलेजं १५ फेब्रुवारीपर्यंत पुन्हा बंद. शहरातली पोरं वैतागली, आमची सुटकेचा निःश्वास टाकत पुन्हा पोत्यावर येऊन बसली. त्या उन्हाळ्यात परीक्षा मात्र वर्गात, कागद-पेन घेऊन. लिहायची सवय मोडली म्हणून तासाला पंधरा मिनिटं जादा दिली. पोराची बोटं तिसऱ्या पानावर आखडली. पण त्याने लिहिलं.

"मग ते सांगायचं ना मामाला!" मी म्हटलं. "शेवटची परीक्षा वर्गात दिलीय म्हणावं."

"सांगितलं की. तर म्हणतो, मार्कलिस्ट आणून दाखवा. चिवडा माझा खाऊन!"

एवढ्यात हे ब्रश करत मागच्या दारी आले. आक्कांनी 'सरांना सांगू नको' म्हणून मला बजावलं होतं. स्वतःला बजावलं नसावं. दोन मिनिटांत त्यांनी पोतं, फट, वायफाय, हजेरी, सगळं ह्यांच्यापुढे ओतलं. हे ब्रश तोंडात धरून तसेच उभे. नातू पलीकडे मोटारसायकल पुसत होता, तो हळूच बैठ्या गोठ्याकडे सरकायला लागला.

"ए, थांब!" ह्यांनी चूळ भरली. "इथं बसायचास, तर कॅमेरा बंद का ठेवायचास रे?"

पोरगं फडकं पिळत म्हणालं, "चालू केला असता तर तुमचीच खिडकी दिसली असती ना, सर."