धिरड्याला फुटले कान!

ऐकलंत का? बेंबळीत धिरड्याला कान फुटलेत! नुसते कान असते तर झाकून नेलं असतं. पण मनुक्यांचे डोळे, गाजराच्या मिशा आणि अंगभर पालकाचा हिरवा रंग! ज्या तव्यावर आजवर गोल म्हणजे गोलच पडलं, तिथं आता ससा पडतो. एका सुनेनं मोबाइलवर कुणाचं तरी रील पाहिलं आणि सासूबाईंच्या तव्याची अब्रू गेली.

आणि खरी लाज तर पुढेच आहे. घरात ज्वारीच्या पोत्यांची थप्पी, तरी ज्वारीच्या पॅनकेकचं पाकीट आलं कुरिअरनं! संयुक्त राष्ट्रांनी 2023 साल भरडधान्यांच्या नावे केलं, तेव्हापासून शहरवाल्यांना ज्वारीचे डोहाळे लागलेत, हे कळतं. पण मालदांडी ज्वारीच्या मुलखात पाकीट? सासूबाईंनी चष्मा लावून ते उलटं केलं. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं छापायचा नियम आहे. पहिला मैदा, दुसरी साखर, आणि ज्वारीबाई कुठंतरी मागे, पदर सावरत!

त्या दिवसापासून पीठ घरचं. पण ज्वारी पडली मानी, चिकटपणा नाही अंगात. नुसत्या तिचं धिरडं उलटताना तुटतं. म्हणून मूठभर बेसन, थोडी कणीक, ताक, जिरं, बारीक चिरलेली कोथिंबीर. पीठ पातळ, तवा चांगला तापलेला, आणि कडा सुटेपर्यंत उलथनं दूर. शेंगदाणे घालायचे तर कूट करूनच. लहानग्याच्या घशात अख्खा दाणा अडकतो, मनुकाही चिरून द्यावा. हे रीलमध्ये सांगत नाहीत. मिशा तेवढ्या दाखवतात.

गल्लीतल्या जाणत्या बायका मात्र फार खवळल्यात. "लेकराला खाऊ घालायला चित्रं काढायची? आमच्या वेळेला असली थेरं नव्हती!" नव्हती, खरंय. कालपर्यंत याच ओट्यांवर लेकरं सकाळी चहात बिस्कीट बुडवून खात होती. त्यावर कुणी ब्र काढला नाही. चहातलं टॅनिन अन्नातलं लोह पुरतं अंगी लागू देत नाही, बिस्किटात मैदा-साखर. पण बिस्कीट गोल होतं ना, म्हणून संस्कारी!

सुशीलाचं तर नावच काढू नका. भिजवलेले मुरमुरे, फोडणी, वर दाण्याचा कूट नि लिंबू. एवढी साधी, गुणी, पण तिला कान नाहीत म्हणून बिचारी मागे पडली. धपाट्याचीही गत तीच होती. मग कुणीतरी ओल्या फडक्यावर थापलेल्या धपाट्यातून छोट्या वाटीनं चंद्र कापला, नि दह्याबरोबर चार चंद्र गट्टम.

आता एक आतली बातमी, तुमच्या-माझ्यात. लेकरू सशाला भुलत नाही हो! उठल्या-उठल्या बिस्कीट मिळत नाही, म्हणून त्याला खरी भूक लागलेली असते. आणि डोळे त्यानं स्वतः चिकटवलेले असतात. आपल्या हातचं कोण टाकेल?

परवा सून बाहेरगावी गेली, तर सासूबाईंनीच, दार लोटून घेऊन, ससा घातला. कान लोंबले. नातू म्हणाला, "आज्जे, ही तर शेळी!" उस्मानाबादी शेळीचं गाव, चूक कोण म्हणेल? अख्खी शेळी फस्त. समोरच्या घरातल्या पोरीला आता शिंगंवाली पाहिजे.