करवंदीवरची पुरचुंडी

भोर-वेल्ह्यात शेणाला मान आहे. त्याने अंगण सारवायचं, गोवऱ्या थापायच्या, भाताच्या रोपांसाठी राब भाजायचा. मेंढ्यांचा कळप रात्रभर वावरात बसवायचा तर धनगराला धान्य किंवा पैसे मोजावे लागतात. लेंड्यासुद्धा फुकट मिळत नाहीत. या व्यवहारात कुत्र्याच्या नावावर मात्र काहीच जमा नाही. गावच्या कुत्र्याने ते कधी मनावरही घेतलं नाही. तो आपला रानात जाऊन येतो.

प्रश्न आला तो पुण्याहून, शनिवारी, गाडीच्या मागच्या सीटवर बसून. फार्महाउसं झाली, पाठोपाठ लॅब्रेडॉर आले, हस्कीही आले. (वेल्ह्याच्या उन्हात हस्कीने काय पाप केलंय, ते त्यालाच ठाऊक.) मालक तसा सुसंस्कृत. गडाच्या वाटेवर 'पॉटी' झाली की पिशवीत उचलतो, दोनदा गाठ मारतो आणि 'उतरताना नेऊ' म्हणत ती पुरचुंडी करवंदीच्या जाळीला अडकवतो. उतरतो दुसऱ्या वाटेने. राजगड 2025 साली जागतिक वारशाच्या यादीत गेला. ही पुरचुंडीही प्लास्टिकच्या कृपेने पुढच्या पिढ्यांसाठी टिकून राहणार.

मग उघड्यावरच राहू द्यावं? पहिल्या पावसात ते ओढ्यात जातं. पानशेतच्या अंगाला ओढा आंबी नदीला मिळतो, तिथून खडकवासला आणि पुढे पुण्याचे नळ. म्हणजे फिरून मालकाच्याच घरी! त्याच्या वाटेत निदान शुद्धीकरण केंद्र तरी आहे. ओढ्याकाठच्या वाडीला कुठलं?

शेणखताच्या ढिगात टाकणंही बरं नव्हे. कुत्र्याच्या जंतांची अंडी मातीत वर्षानुवर्षं तग धरतात. ती मरायला ढीग साठेक अंशांपर्यंत तापून काही दिवस तसाच राहावा लागतो. आपले उकिरडे सहसा इतके रागावत नाहीत. लावणीच्या दिवसांत बाया बांधावरून अनवाणी जातात. ओल्या मातीतल्या अंकुशकृमीच्या अळ्या तळपायाच्या कातडीत शिरतात, मग नागमोडी लाल रेघ उठते आणि रात्रभर खाज.

तेव्हा खड्डा बरा. मे महिन्यातच, उंचवट्यावर, विहीर-ओढ्यापासून लांब खणावा. जुन्या पेपराने उचलून आणायचं, वर गिरणीतलं मूठभर भाताचं तूस आणि माती टाकायची, झाकण लावायचं. भरला की माती लोटून तिथे सोनचाफा लावा, वांगी-टोमॅटो नकोत. पुण्यातल्या घरी मात्र पेपर बाजूला काढून ऐवज सरळ संडासात टाकावा. कचऱ्यात दिलेली पिशवी शेवटी कचरा निवडणाऱ्या बाईच्या हातात फुटते.

गडावर खणू नका. ते संरक्षित स्मारक आहे, शिवाय तिथल्या टाक्यांचं पाणी लोक पितात. तिथलं सगळं घट्ट झाकणाच्या डब्यात घालून खाली आणायचं. स्टीलचा डबा उत्तम; फक्त तो पुन्हा स्वयंपाकघरात जाऊ देऊ नका.