घरटी चार रोपे

परदेशात भारतीय माणसाला तीन विषय जन्मतःच येतात, असा समज आहे: गणित, योग आणि गांजा. ओंटारिओत मुलाकडे राहायला आल्यावर पहिल्या दोन विषयांतले माझे अज्ञान लगेच उघडे पडले. तिसऱ्याने मात्र पिच्छा सोडला नाही. शेजारचे निवृत्त गृहस्थ परसात गांजा लावत होते आणि दर शंकेला कुंपणापाशी येत होते. "तुमच्या हिमालयात तर हा रानोमाळ उगवतो ना?" उगवतो. पण मी पुण्याचा. तसल्या पानाशी माझी ओळख अंबाडीच्या भाजीपुरती.

कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून गांजा कायदेशीर झाला. ओंटारिओत घरी लावता येतो, पण घरटी चारच रोपे. घरात दहा प्रौढ असले तरी चार! जर्मनीने २०२४ मध्ये प्रौढ माणशी तीन दिली. एकत्र कुटुंबाची कदर शेवटी जर्मनांनाच.

चारच म्हटल्यावर लाडाला सीमा नाही. रोप आधी कागदी पेल्यात. मुळे कडेने गोल फिरू लागली की चार लिटरची कुंडी, मग वीस लिटरची. चाळीतल्या खोलीतून वन-रूम-किचन आणि तिथून टू-बीएचके, असा हा प्रवास. एकदम मोठ्या कुंडीत टाकले, तर इवल्या मुळांना न संपणारे पाणी मातीत साचते आणि मुळे कुजतात. शेवटची कुंडी मेअखेरीस, हिमाची भीती सरल्यावर बाहेर यायची. तीही आधी सावलीत, रोज थोडा थोडा वेळ.

कुंडी बदलली की पाने मान टाकतात. शेजारी घाबरून झारी घेऊन धावले. तेव्हा आयुष्यभर तुळस सांभाळलेली आमची ही स्वयंपाकघराच्या खिडकीतून म्हणाली, "अहो, त्यांना सांगा, आधी कुंडी उचलून बघा. जड लागली तर पाणी नको." दोन दिवसांत रोपे ताठ. पुढे पानांवर लाल कोळी आला, तेव्हा शेजारी माझ्याकडे आलेच नाहीत. थेट हिच्याकडे गेले. हिने त्या झाडाचे नाव तोंडून न काढता कडुनिंबाचे तेल सांगितले, आणि फुले धरल्यावर फवारायचे नाही, अशी तंबीही दिली.

या झाडात नर-मादी वेगळी. नर राहिला तर मादीच्या फुलांत बिया भरतात, म्हणून ओळख पटताच तो उपटतात. चौघांत एक नर निघाला. उपटायला मला बोलावणे आले. समस्त पुरुषजातीच्या वतीने मी नकार कळवला.

रात्री लांबू लागल्या की फुले येतात. तेव्हा काळोख अखंड लागतो, म्हणून आमच्या परसातला दिवा बंद करण्याची विनंती आली. सप्टेंबरात वास सुटला. गणपतीच्या आरतीला जमलेल्या मंडळींनी धूप कोणता, म्हणून आवर्जून विचारले.

मायदेशातल्या वाचकांनी हे रोप लावायच्या भानगडीत पडू नये. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यात गांजाच्या लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. त्यापेक्षा टोमॅटो लावा. रीत तीच: तळाला भोके, कुंडी टप्प्याटप्प्याने, पाणी वजन बघून. शिवाय टोमॅटोला घरटी मर्यादा नाही आणि कुणाला उपटायचीही वेळ येत नाही.