उलट्या पावलांची लॅम्ब्रेटा

आमच्या वाकोल्याच्या सोसायटीत जिन्याखाली मामांची लॅम्ब्रेटा होती. १९६०च्या दशकात घेतलेली, भांडुपच्या ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडियात तयार झालेली. मूळ घराणं मात्र इटलीतल्या मिलानचं. आमच्या लॅम्ब्रेटाने शेवटचा आचका दिला तो एका जुलैत, मिलन सबवेच्या पाण्यात. कुळाची ओढ म्हणतात ती हीच असावी.

निवृत्तीनंतर ती मीच दुरुस्त करायचं ठरवलं. शिक्षण : व्हिडिओ. वर्कशॉप : गॅलरी. नटबोल्ट आकारवार ठेवायला इडलीपात्रासारखी सोय नाही. घरात तेव्हापासून उपमाच होतो.

कलिन्याहून कुर्ल्याकडे जाणाऱ्या सीएसटी रोडवर स्पेअर पार्ट शोधताना एक चाचा भेटले. फ्लायव्हील उतरवायला त्यांनी पुलर उसना दिला आणि बजावलं, "साहब, प्लेट निकालने से पहले निशान मारना." फ्लायव्हीलमागची ही प्लेट तसूभर फिरली तरी ठिणगीची वेळ बदलते. पण माझी स्मरणशक्ती चांगली आहे, असा माझा समज होता. चाचांचा पुलर मात्र मी आठवणीने परत केला.

अखेर टाकीत ऑइल मिसळलेलं पेट्रोल ओतलं आणि बऱ्याच किका मारल्यावर ती एकदाची फुरफुरली. धूर इतका झाला की महापालिकेची डासांची गाडी आली समजून तळमजल्याने खिडक्या लावून घेतल्या. मी छाती काढून पहिला गिअर टाकला, क्लच सोडला आणि मागे गेलो. सोसायटीच्या सेक्रेटरींच्या तुळशीवृंदावनापर्यंत.

त्याचं शास्त्र असं : ठिणगी फार लवकर पडली तर पिस्टन वर पोचायच्या आतच परत ढकलला जातो. चारचाकीच्या इंजिनात व्हॉल्व्ह असतात, ते असली थेरं चालू देत नाहीत. या टू-स्ट्रोकमध्ये नुसती भोकं, ती पिस्टननेच उघडायची आणि मिटायची. त्यामुळे इंजिन उलटंही तेवढ्याच आनंदाने फिरतं आणि चारही गिअर रिव्हर्स होतात. इटलीच्या इंजिनिअरांनी न दिलेली ही सोय वाकोल्यात मिळाली. सेक्रेटरींना हे समजावून सांगितलं. त्यांनी नवी कुंडी मागितली.

२०२१च्या केंद्रीय नियमानुसार पन्नास वर्षांपेक्षा जुन्या, मूळ स्वरूपातल्या गाडीला विंटेज म्हणून 'व्हीए' अक्षरांचा नंबर मिळू शकतो. अट अशी की ती रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणायची नाही. ही अट आमची गाडी सरकारच्याही आधीपासून पाळते आहे.

आता प्लेट जागेवर आणायला फ्लायव्हील पुन्हा उतरवायला हवं. चाचा म्हणतात, पुलर नाही, गाडीच इकडे सोडून जा. तेव्हा वाचकांपैकी कुणाकडे लॅम्ब्रेटाचा पुलर पडून असेल, तर कृपया उसना द्यावा. हातोडी घरच्यांनी कुलपात ठेवली आहे.