नैवेद्याचे ताट आणि हळदीचे पोते

विश्वासाने जबाबदारी सोपवणे म्हणजे काम दुसऱ्याच्या हाती देऊन स्वतः बाजूला होणे. पहिला भाग सगळ्यांना जमतो. घोडे अडते ते दुसऱ्या भागात.

याचा जुना धडा हिंगोली जिल्ह्यातल्या नरसीच्या घराण्याचा आहे. नरसी हे संत नामदेवांचे (1270–1350) गाव मानले जाते. वडील दामाशेटी शिंपी. विठ्ठलाला रोज नैवेद्य दाखवण्याचा नेम. एकदा बाहेरगावी निघताना त्यांनी ते काम लहानग्या नामदेवावर टाकले, अशी कथा आहे. नैवेद्य नुसता दाखवायचा असतो आणि ताट घरी परत आणायचे असते, हे सांगायचे राहिले. मोठ्यांना ते इतके ठाऊक असते की सांगायचे सुचतच नाही. पोराने काम मनावर घेतले. देव जेवेना, तेव्हा हटून बसला, डोके आपटून घ्यायला निघाला. शेवटी विठ्ठलच नमला आणि जेवला. रिकामे ताट पाहून घरच्यांना संशय आला तो मात्र पोराचाच. कथेच्या काही रूपांत पुढे वडील खात्री करायला मागोमाग जातात. तपासणीची हौस दामाशेटींनाही चुकली नाही म्हणायची. तरी एक श्रेय त्यांचे: काम चालू असताना ते गावात नव्हते.

आजचा बाप गावात नसला तरी फोनवर असतोच. हिंगोलीत हळदीच्या मार्केट यार्डालाही संत नामदेवांचेच नाव आहे. तिथे पोती घेऊन मुलाला धाडताना बाप ऐटीत सांगतो, 'सगळं तूच बघ आता.' टेम्पो फाट्यावर पोचायच्या आत पहिला फोन: ताडपत्री बांधली का? दुसरा: कांडी अन् गट्टू वेगळे ठेवलेस ना? तिसरा थेट आडत्याला. लिलावात बोली ऐकतो मुलगा, मान हलवतो बाप, तीही घरी बसून. मुलाकडे उरते ते विक्रीची पट्टी सांभाळून आणणे. भाव पडला, तर तो मात्र पूर्णपणे मुलाच्या नावावर.

नामदेवांचे गुरू विसोबा खेचर यांची रीत वेगळी. औंढा नागनाथाच्या देवळात ते पिंडीवर पाय ठेवून पडले होते, असे सांगतात. नामदेवांनी हटकले, तर म्हणाले, जिथे देव नाही तिथे तूच माझे पाय उचलून ठेव. पाय ठेवावे तिथे पिंड! या सगळ्या उचलाउचलीत विसोबा एकदाही उठून 'सोड, मीच करतो' म्हणाले नाहीत. आपले पाय दुसऱ्याच्या हातात असताना इतके निवांत पडून राहणे ज्याला जमेल, त्यानेच मुलाला बाजारात धाडावे. बाकीच्यांनी हळद सरळ स्वतः न्यावी. आडत्याचेही डोके शांत राहील.